मारवाडची झुडुपे आणि 'पडीक' जमिनीचा हिशेब

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या टापूत शेती करणारे आहेत. पावसाने ओढ दिली म्हणजे शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे त्यांस आम्ही सांगावयास नको. अशा वाचकांपुढे या अंकी आम्ही आपल्याहूनही पुष्कळ कमी पावसाच्या एका मुलखाची हकीकत मांडीत आहोत. हा मुलूख म्हणजे मारवाड आणि त्याच्या पलीकडे जैसलमेर-बिकानेरपर्यंत पसरलेले थरचे वाळवंट होय. हकीकत तेथील झुडपांची, गवताची आणि खेजडीच्या झाडाची आहे. ती केवळ करमणुकीसाठी सांगण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे असे की, वाळवंटातील झुडूप हे शेतीच्या आड येणारे तण नसून तेथील शेतीचा पायाच आहे. ज्या जमिनीवर ते उभे आहे तिला 'पडीक' म्हणणे ही हिशेबातील चूक आहे. आणि या चुकीची किंमत तेथील शेतकरी आज भरीत आहेत. आपणही ती काही अंशी भरली आहे.

प्रथम त्या देशाची स्थिती ध्यानात घ्यावी. अरवली पर्वताच्या पायथ्याशी वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जोधपुरास तो साडेतीनशेच्या आसपास येतो आणि जैसलमेरच्या पश्चिमेस तर दोनशेच्याही खाली उतरतो. जो काय पडतो तो बहुतेक आषाढ ते भाद्रपद या अवधीत, आणि तोही लहरीप्रमाणे. वैशाख-ज्येष्ठात उष्ण वारे सुटतात व वाळू एका शेतातून उचलून दुसऱ्या शेतात नेऊन टाकतात. असे असूनही थरच्या वाळवंटात माणसांची व गुराढोरांची जितकी वस्ती आहे, तितकी जगातील फार थोड्या वाळवंटांत आढळेल. हे लोक जगतात कशावर? केवळ बाजरी, मूग व मटकीवर जगतात असे म्हणावे, तर ही पिके कित्येक वर्षी हाती लागत नाहीत. तेव्हा पीक बुडाले तरी जे बुडत नाही, असे काहीतरी त्यांच्यापाशी असलेच पाहिजे. ते म्हणजे आपोआप उगवणारी ही वनस्पतीच होय.

यांपैकी पहिले नाव फोगाचे घ्यावे लागेल. वाळूच्या टेकडीवर, जेथे दुसरे काहीच ठरत नाही, तेथे हे झुडूप ठरते. त्यास पाने जवळजवळ नसतातच. आली तरी बारीक येतात व लवकर गळतात. पानाचे काम हिरव्या काटक्याच करतात. त्यामुळे पाण्याची वाफ थोडी होते आणि झुडूप उन्हाळा काढते. त्याची मुळे वाळूत दूरवर पसरून तिला जखडून धरतात. वाऱ्याने उडालेली माती, पाचोळा, शेळीच्या लेंड्या व गवताचे बी फोगाच्या बुडाशी येऊन अडते आणि तेथे लहानसा उंचवटा तयार होतो. पाऊस येताच गवताचा पहिला कोंब बहुधा याच उंचवट्यावर दिसतो. उंटास फोगाच्या काटक्या आवडतात आणि त्याच्या फुलांच्या कळ्या दह्यात घालून माणसे खातात. परंतु याच्या लाकडाचा कोळसा चांगला होतो, आणि हाच गुण त्याच्या जिवावर उठला आहे. सरपणासाठी लोक त्याची मुळेदेखील खणून काढतात. वरून तोडलेले झुडूप पुन्हा फुटेल. परंतु मुळासकट उपटले की टेकडी मोकळी झाली व वाळू चालू लागली असे समजावे.

दुसरे झुडूप केर. यास आपल्याकडे नेपती म्हणतात. हेही बहुतेक पर्णहीन व काटेरी असते. याची कच्ची फळे कडू असतात. ती ताकात किंवा मिठाच्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवून त्यांचा कडूपणा घालवितात, मग वाळवून वर्षभर ठेवितात. खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, व हे केर मिळून जी भाजी होते ती मारवाडी घरांतील मानाची भाजी समजली जाते. शहरांत आज तिला मोठा भाव येतो. पण मूळची ती दुष्काळाची शिदोरी आहे, हे खाणारांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. ज्या महिन्यांत शेतात काही हिरवे नसते, त्याच महिन्यांत केर व खेजडी फळतात. यापरते मोठे उपकार कोणत्या पिकाने केले आहेत?

तिसरे खींप. याच्या लांब हिरव्या काड्यांच्या तंतूंचे दोर वळतात, काड्यांनी गोल झोपड्या शाकारतात आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. चौथी बोरडी, म्हणजे आपल्याकडील माळावरच्या बोराटीची बहीण. ही पुरुषभरही उंच होत नाही. पावसाळ्यानंतर ती कापून वाळवितात, झोडपून पाला वेगळा करितात आणि शेळ्यामेंढ्यांसाठी साठवून ठेवितात. उरलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण होते व बोरे मुले खातात. म्हणजे एका झुडपापासून वैरण, कुंपण व खाऊ असे तीन लाभ होतात आणि पुढील वर्षी ते बुडख्यापासून पुन्हा फुटते. यास बी लागत नाही, खत लागत नाही व पाणीही द्यावे लागत नाही. रुई, बुई, सिनिया व लाणा ही आणखी कित्येक झुडुपे आहेत. प्रत्येकाचा उपयोग तेथील म्हातारी माणसे बोटांवर मोजून सांगतील. येथे त्यांचा विस्तार करीत नाही.

गवतांत सेवण हे श्रेष्ठ होय. जैसलमेरकडील मोकळ्या वालुकामय मैदानांत याचे झुबके उभे असतात. दोनशे मिलिमीटरांहून कमी पावसावरही ते तगते, आणि एकदा जम बसला म्हणजे कित्येक वर्षे पुन्हा पेरावे लागत नाही. थारपारकर व राठी या गाई दूध व काटकपणा या दोन्हींबद्दल नावाजलेल्या आहेत. त्या याच गवतावर पोसल्या गेल्या.

आता खेजडीकडे वळू. ही आपली शमीच. आपल्याकडे तिला सौंदडही म्हणतात. दसऱ्यास आपण तिची पूजा करितो आणि पुढे वर्षभर तिला विसरतो. मारवाडात मात्र ती शेताच्या मधोमध उभी असते आणि शेतकरी तिच्याभोवती नांगर वळवून नेतो. पिकातील झाड सावली करून पीक बुडविते, असा आपल्या शेतकऱ्यांचा सर्वसाधारण समज आहे व पुष्कळ झाडांविषयी तो खराही आहे. खेजडीविषयी तो खरा नाही. तिची मुळे खोल जातात; वीस मीटरांहून अधिक खोल गेलेली आढळली आहेत. म्हणून वरच्या थरातील ओलाव्यासाठी ती बाजरीशी फारशी झगडत नाही. तिची पाने बारीक असल्यामुळे सावली विरळ पडते. हिवाळ्याच्या आरंभी शेतकरी तिच्या फांद्या छाटून पाला उतरवितात. हा पाला, ज्यास तेथे लूंग म्हणतात, गुरांची उत्तम वैरण होय. ती शेंगवर्गातील असल्याने व तिचा पाचोळा खाली कुजत असल्याने तिच्या बुडाजवळची माती मोकळ्या शेतातील मातीहून सकस असते. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १९८० साली केवळ खेजडीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात शास्त्रज्ञांनी जे मांडले, ते तेथील शेतकरी शतकानुशतके आचरीत आले होते. १९८३ साली राजस्थान सरकारने खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला.

परंतु त्याहून मोठा मान तिला अडीचशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. १७३० साली जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या नव्या बांधकामासाठी लाकूड हवे होते, म्हणून दरबारची माणसे खेजडली गावी झाडे तोडावयास गेली. तेथील बिश्नोई स्त्री अमृतादेवी झाडास मिठी मारून उभी राहिली व मारली गेली. तिच्या मागून तिच्या मुली व आसपासच्या गावांचे लोक पुढे आले. एकंदर ३६३ माणसांनी प्राण दिले, तेव्हा ही तोड थांबली. ही कथा सांगताना आपण बहुधा तिच्यातील भक्तीपाशी थांबतो. भक्ती तर होतीच. जांभोजींनी पंधराव्या शतकात घालून दिलेल्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम आहे. पण हा नियम का घातला गेला व तो लोकांनी इतकी शतके का पाळला, याचाही विचार केला पाहिजे. ज्या देशात खेजडी गेली की गाय जाते आणि गाय गेली की माणूस देशोधडीस लागतो, त्या देशातील शहाण्या शेतकऱ्यांनी केलेला तो कायदा होता. संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्यास तेथे 'छप्पनिया काळ' म्हणतात, लोकांनी खेजडीची साल दळून पिठात मिसळली व त्यावर दिवस काढले. जिने पोटात घातले, तिचे रक्षण केवळ श्रद्धेपायी झाले असे म्हणणे त्या लोकांच्या बुद्धीवर अन्याय करण्यासारखे आहे.

या वनस्पतीभोवती शेतीची जी रीत उभी राहिली, तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतकरी सर्व जमीन दरसाल पेरीत नसे. काही तुकडे दोन-तीन वर्षे राखून ठेवी. त्यांवर बोरडी, गवत व खींप माजत, गुरे चरत व जमिनीस विसावा मिळे. गावाबाहेर देवाच्या नावाने राखलेले ओरण असे. आपल्या देवराईसारखेच हे. तेथे कुऱ्हाड चालत नसे, पण गुरे चरू शकत. शिवाय गायरान वेगळे असे. नांगर लाकडी, उंटाने ओढावयाचा. तो माती वरवर उकरी आणि झुडूप आले की बाजूने जाई. पाऊस चांगला झाला तर शेत पिके. झाला नाही तर राखलेले रान व ओरण गुरांस पोशी. दोन्ही मिळून एक संसार होता. यांपैकी शेत तेवढे कमाईचे व बाकी सर्व रिकामे, असे मानणाऱ्याने त्या संसाराचे निम्मे जमाखर्चच वाचले नाही, असे आम्ही म्हणतो.

ही चूक कोठे कोठे झाली ते आता क्रमाने पाहू.

पहिली चूक यंत्राच्या हौसेची. ट्रॅक्टरने थोड्या वेळात पुष्कळ जमीन नांगरली जाते, आणि पहिल्या पावसाची ओल चार दिवसांत उडून जाणाऱ्या देशात ही सोय लहान नव्हे, हे आम्ही मान्य करितो. पण तव्याचा नांगर बोरडीचा बुडखा व फोगाचे मूळ कापून काढतो. तो झुडपास वळसा घालीत नाही. खेजडीची रोपटीही त्यातच जातात. राखीव तुकडे मोडून सर्व रान एकसारखे पेरले जाऊ लागले. पावसापूर्वी नांगरून मोकळ्या ठेवलेल्या शेतावर ज्येष्ठातील वारा आला म्हणजे वरची बारीक व सकस माती तोच घेऊन जातो. ज्याने झुडूप काढले त्याने एक-दोन तास अधिक पेरले खरे. पण शेताचा पहारेकरी त्याने काढून टाकला.

दुसरी चूक परक्या झाडाच्या आंधळ्या लागवडीची. विलायती बाभूळ, जिला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, ती अमेरिकेकडील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानात आली. जोधपूर संस्थानाने १९४० साली तिला शाही झाड ठरवून संरक्षण दिले. हेतू चांगलाच होता. वाळू थांबावी, सरपण मिळावे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातही रणातील खारेपणा अडविण्यासाठी १९६० नंतर ती लाविली गेली. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. तिची पाने गुरे खात नाहीत, पण शेंगा आवडीने खातात आणि बी शेणावाटे दूरवर पोचवितात. तोडली तर बुडख्यातून दुपटीने फुटते. तिच्याखाली गवत वाढत नाही. बन्नीचे उत्तम गवत तिने कोठच्या कोठे मागे रेटले. गरिबास तिने सरपण दिले व कोळशाची मजुरी दिली, हे नाकारून चालणार नाही. आज ती एकदम उपटून टाका म्हणणे हा त्या गरिबांवर अन्याय होईल. पण घरचे झाड सोडून पाहुणे झाड घरधनी केले म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

तिसरी गोष्ट कालव्याची. १९५८ साली काम सुरू झालेला राजस्थान कालवा, जो आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो, त्याने पंजाबातील हरिके येथून सतलज व बियासचे पाणी वाळवंटात आणले. गंगानगर, हनुमानगड व बिकानेर या भागांत त्याने गहू, कापूस व मोहरी पिकविली. पिण्याचे पाणी गावोगाव पोचविले. या कालव्यास वाईट म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. ज्याने मैल मैल चालून घागर आणली आहे तोच त्याची किंमत जाणतो. तथापि या पाण्याखाली सेवणाची कित्येक मैदाने मोडली गेली. जेथे मातीखाली टणक थर आहे तेथे पाणी मुरेना, जमीन चिबड झाली व वर मीठ फुटले. चिबडलेली जमीन काय असते हे आपल्याकडील कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांस आम्ही समजावून देण्याची गरज नाही. सेवणाचे रान मात्र कधीच चिबडले नव्हते.

चौथी गोष्ट अगदी अलीकडची. वाळवंटात ऊन भरपूर व जमीन स्वस्त, म्हणून सूर्यप्रकाशापासून वीज करण्याचे मोठमोठे कारखाने तेथे उभे राहत आहेत. फलोदीजवळील भादला येथील प्रकल्प सुमारे ५,७०० हेक्टरांवर पसरलेला असून त्याची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. विजेची गरज आम्हांसही आहे. विहिरीवरील पंप रात्री-बेरात्री चालवावा लागणाऱ्या शेतकऱ्याने दिवसाच्या विजेस नावे ठेवू नयेत. परंतु या कामांसाठी बिकानेर, फलोदी व जैसलमेर या भागांत खेजडीची झाडे फार मोठ्या प्रमाणावर तोडली जात असल्याची तक्रार तेथील गावकरी गेली काही वर्षे करीत आहेत, धरणी धरून बसत आहेत, आणि ओरणाच्या जमिनीही सरकारी कागदांत 'पडीक' असल्याने दिल्या जात आहेत असे त्यांचे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारास ओरणांसारख्या देवरायांची पाहणी करून नोंद करावयास सांगितले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण जी गोष्ट गावातील प्रत्येक गुराखी जाणतो, तिची नोंद व्हावयास इतकी वर्षे लागावी, हे आपल्या कागदांचे वैगुण्य होय.

यातच आणखी एक संकट आहे. उभ्या खेजड्याही पुष्कळ ठिकाणी वाळत आहेत. मुळे पोखरणारी भुंग्याची अळी व मुळे कुजविणारी बुरशी ही त्याची कारणे शास्त्रज्ञांनी सांगितली आहेत. त्यात दरसाल सर्व फांद्या छाटून झाड बोडके करण्याची वाईट सवय आणि खोल खोल गेलेले भूजल यांची भर पडली. नवी रोपे ट्रॅक्टरखाली जातात आणि जुनी झाडे रोगाने जातात. असे दोन्हीकडून झाले तर पुढील पिढीस दसऱ्याची शमी चित्रातच पाहावी लागेल.

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, 'ही सर्व जुनाट वृत्ती झाली. झुडपांवर जगणे म्हणजे दारिद्र्यात जगणे. शेतकऱ्याने यंत्र, पाणी व वीज घेऊ नये काय?' आक्षेप योग्य आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. केर-सांगरी खाऊन दुष्काळ काढावा लागणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु यंत्र घेणे व झुडूप मोडणे ही एकच गोष्ट आहे असे कोणी ठरविले? वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याची जी रीत जोधपूरच्या संस्थेने बसविली तीच पाहा. तीत प्रथम स्थानिक झुडपांच्या फांद्या वाऱ्याच्या आडव्या ओळींत किंवा चौकटी करून वाळूत रोवतात. त्यांच्या आडोशास गवताचे बी टाकतात व रोपे लावितात. येथे शास्त्र आले, पण ते खींप, बोरडी व सिनिया यांस बरोबर घेऊन आले. हीच खरी प्रगती. उलट जे शास्त्र जमिनीवर काय उभे आहे हे न पाहताच आपली योजना आखते, ते नवे असूनही अडाणीच म्हणावे लागेल.

आता स्वतःकडे पाहू. कारण दुसऱ्याच्या चुका मोजणे सोपे असते. ट्रॅक्टर दाराशी आल्यावर बांध कोरून दोन तास वाढविण्याची हौस आम्हीही केली आहे. बांधावरच्या बोरी, हिवर, तरवड व गावठी बाभळी आम्हीच काढल्या. माळ फोडून ज्वारी केली. दोन वर्षे ती बरी आली, पुढे मुरूम वर आला. मारवेल व पवन्या ही गवते ज्या माळांवर गुडघाभर असत, तेथे आता कुसळीदेखील विरळ झाली आहे. मग २०१२-१३ सारखे वर्ष आले म्हणजे जनावरे चारा छावणीत नेऊन बांधावी लागतात आणि उसाचे वाढे विकत आणून घालावे लागते. तेव्हा बांधावरची बोराटी आठवते. आमच्या महसुली दप्तरांतही माळास 'पडीक' असेच म्हणतात. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले; परंतु भोवतालची माळराने मोडत गेली व आज तो पक्षी तेथे दुर्मीळ झाला आहे. जगात उरलेले माळढोक सुमारे दीडशेच असावेत असा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक त्याच जैसलमेरकडील सेवणाच्या रानात आहेत. नान्नजचा माळ व जैसलमेरचे सेवण यांचे दैव एकाच दोरीने बांधलेले आहे. पाखराची काळजी शेतकऱ्याने का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या माळावर हे पाखरू राहत नाही, त्या माळावर आपली मेंढरेही फार दिवस राहू शकणार नाहीत. दोघांस लागते ते गवत एकच आहे.

तात्पर्य काय ते सांगून हा लेख पुरा करितो. आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली सूचना शेतकरी बंधूंस. बांधावरील व शेतातील ज्या झाडाझुडपांपासून पाला, शेंग, सरपण किंवा कुंपण मिळते, ते काढण्यापूर्वी त्याचे एका वर्षाचे उत्पन्न कागदावर मांडावे. दुष्काळाच्या वर्षी ती वैरण विकत आणावयास किती पडले असते, तेही मांडावे. मग दोन तासांचे उत्पन्न त्यापुढे ठेवून पाहावे. आमची खात्री आहे की, हिशेब करणाऱ्या दहांपैकी पुष्कळजण कुऱ्हाड खाली ठेवतील. सौंदडीची चार रोपे ज्याच्या हलक्या जमिनीत बसतील त्याने ती अवश्य लावून पाहावी. मात्र पहिली काही वर्षे शेळ्यांपासून राखावी व पुढेही सर्व फांद्या एकदम उतरवू नयेत.

दुसरी सूचना ग्रामसभांस. आपल्या गावच्या गायरानात, माळात व देवराईत काय उगवते, कोणाची किती जनावरे तेथे चरतात व कोणत्या महिन्यांत चरतात, याची यादी गावानेच करावी आणि ठरावाने दप्तरात घालावी. जे कागदावर नाही ते रिकामे समजले जाते, हे ओरणांच्या उदाहरणावरून दिसून आले आहे. उद्या कोणी योजना घेऊन आला तर त्याच्यापुढे ठेवावयास गावापाशी काही असले पाहिजे.

तिसरी सूचना सरकारास. 'पडीक' या एका शब्दाखाली खडकाळ, खारपड, चराऊ व राखीव अशा सर्व जमिनी घालण्याची वहिवाट सोडून द्यावी. विजेचे कारखाने उभारावयाचे तर प्रथम खरोखर निरुपयोगी झालेल्या जागा, इमारतींची छपरे व कालव्यांवरील जागा यांचा विचार व्हावा. खेजडीचे रान व सेवणाचे मैदान ही यादीत सर्वांत शेवटी असावीत. वेड्या बाभळीच्या जागी स्थानिक झाडे व गवत आणावयाचे असेल तर ते हळूहळू, सरपणाची सोय करून व मजुरांस काम देऊन करावे.

खेजडलीच्या लोकांनी एका झाडासाठी किती किंमत द्यावी हे १७३० साली ठरविले. तेवढी किंमत आपणांकडे कोणी मागत नाही. आपणांस फक्त नांगर हातभर वळवून न्यावयाचा आहे. पुढील महिन्यात नांगरटी सुरू होतील. तेव्हा बांधापाशी पोचल्यावर आमच्या वाचकांनी क्षणभर औत थांबवून या हकीकतीची आठवण करावी, इतकीच आमची विनंती आहे.